बाबांचा पितळी रेझर

रविवार, संध्याकाळ

हनुवटी अजून झोंबतेय.

बाबांनी त्यांचा जुना पितळी रेझर आज जावयाला देऊन टाकला. ताईच्या नवऱ्याला ब्रशने फेस करून दाढी करायचा नवा शौक लागलाय ना! सकाळी बाबा आरशासमोर त्याच्या शेजारी उभे राहिले, स्वतःच्या बोटांनी त्याचा गाल ताणून धरला आणि म्हणाले, "दाबू नका हं, रेझरचं वजनच पुरे असतं."

गाल ताणून धरला! मला मिसरूड फुटलं तेव्हा म्हणाले होते, "येईल आपोआप."

मला तो रेझर हवा होता का? कधी मागितला तर नव्हता. तरी दुपारी तडक बुधवार पेठेतून तसलाच घेऊन आलो आणि रागाच्या भरात दाबून फिरवला. व्हायचं तेच झालं.

रक्त पाहून बाबा तुरटी घेऊन आले. माझा गाल ताणून धरत म्हणाले, "चाळिशी आली, अजून साधी दाढी करता येत नाही?"

दुसरा गाल व्हायचा होता. हलक्या हाताने मला सहज जमला असता.

"नाही येत," म्हटलं, आणि रेझर त्यांच्या हातात दिला.