सोजरची दाढ

॥ श्री ॥
अनसिंग, ५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
धाकट्या सोजरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहिते आहे, रागावू नको. तुला ऐकू येत नाही म्हणून फोनवर बोलता येत नाही, आणि पत्र लिहायला बसावं तर पाठ टेकायची वेळ झालेली असते. सोयाबीन निघालं. आता वावरात मेथी आणि सांबार-कोथिंबीर आहे. रोज उपटायचं, धुवायचं, जुड्या बांधायच्या. हरीओम त्या वाशीमच्या बाजारात नेतो, आणि तो परत येतो तोवर उद्याच्या जुड्यांची वेळ होते. सून साधना बरोबरीनं राबते म्हणून निभतं. या वर्षी थकवा काही अंगातून जात नाही. साखरेची गोळी चालू आहे.

माझी दाढ दिवाळीपासून ठणकत होती. खालची, उजवीकडची. लवंग धरली, तुरटीच्या गुळण्या केल्या, मिसरी दाबून ठेवली. शेवटी मागच्या मंगळवारी मोतीबाईला बोलावलं. ती गावोगाव फिरून दाढेतले किडे काढते. तिनं परातीत पाणी घेतलं, मधोमध तापलेली पळी ठेवली, पळीवर तूप आणि रिंगणीचं बी टाकलं. वर नळी धरून तो धूर मला दाढेवर घ्यायला लावला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग परातीत पाहिलं तर बारीक पांढरे किडे तरंगत होते. मी स्वतः मोजले, अकरा. मोतीबाई म्हणे, घर खाली झालं माय, आता तुले दवाखाना कायले पाहिजे.

साधनाचं मात्र एकच चालू आहे, दातांच्या डॉक्टरकडे चला. तिला म्हटलं, किडे निघाले, आता डॉक्टर काय काढणार?

तुझ्या नातीच्या, राखीच्या साक्षगंधाला माझ्यानं येणं होणार नाही. मेथी थांबत नाही. तिला माझे आशीर्वाद सांग. कानातलं यंत्र कानात घालतोस की अजून डबीतच आहे? वहिनींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
सोजर


आसेगाव, १० डिसेंबर २०२४

चि. सोजर हीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे अकरा किडे मी तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवले. ती पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो नाही. पस्तीस वर्षं गावच्या डाकघरात बसलो, लोकांची पत्रं वाचून देण्यात उमर गेली, पण दाढेतले किडे मोजून कळवणारी तू पहिलीच.

अगं, त्रेसष्ट वर्षांची झालीस. साखर आहे. दाढ अंगावर काढायची नसते. माझे खालचे दोन दात वाशीमलाच काढले, मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही. घाबरण्यासारखं काय आहे त्यात? तू पहिल्यापासूनच अशी. मंगरूळच्या बाजारात त्या दात काढणाऱ्याच्या बोटाला तू कशी कडाडून चावली होतीस, ते मी परवा राखीच्या साक्षगंधात सगळ्यांना सांगितलं. नवरदेवाकडची माणसं पोट धरून हसली. तू असायला पाहिजे होतीस.

हरीओमला वेळ नसेल तर मी येतो. कान गेले आहेत, हातात अजून जोर आहे. तुझे दोन्ही हात धरून खुर्चीत बसवतो आणि काम झाल्याशिवाय उठू देत नाही. कोणत्या दिवशी येऊ ते कळव.

यंत्र डबीतच आहे. कानात घातलं की शिट्टी वाजते आणि लोक माझ्याकडे पाहतात. घरात सगळे थकलेले पण ठीक. पत्रातलं बोलणं कडू लागलं तरी मनावर घेऊ नको.

तुझा,
जगदेवदादा


अनसिंग, १६ डिसेंबर २०२४

ती. मामांना,
साधनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे आणि तेही आईंना न सांगता. तुमचं पत्र आलं त्या दिवशी आईंनी ते वाचलं, घडी घातली आणि जेवायला आल्या नाहीत. मला वाटलं दाढेमुळे. दाढ होतीच. दुसऱ्या दिवशी उजवा गाल हनुवटीपर्यंत सुजला. तोंडात बोटभर फट होईना. तेव्हापासून नुसतं ताक आणि पातळ भात. साखर वाढलेली. तरी जुड्या बांधायला बसतच होत्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, दाढ तोंडात आहे, हातात नाही.

शनिवारी मी जबरदस्तीनं त्यांना वाशीमला नेलं. सुप्रिया गोटे म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत, आपल्याच बाजूच्या, बोलायला मोकळ्या. आई खुर्चीत नीट बसल्या होत्या. दिवा लावला, तरी बसल्या होत्या. मग तिथल्या मदतनीस बाईनं धीर द्यायला म्हणून त्यांचा हात हातात घेतला. मामा, आई अशा उठल्या की ट्रे खाली पडला. गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालासकट रस्त्यावर. मी मागं पळत गेले तर बसस्टँडवर बाकावर बसलेल्या. एकच म्हणत होत्या, धरू नोका मले, धरू नोका. लोक पाहत होते. मलाही रडू आलं.

मी परत जाऊन डॉक्टरांना भेटले. त्या रागावल्या नाहीत. पू आहे, आधी सूज उतरू द्या म्हणाल्या, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज आता थोडी कमी आहे. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, दाढ राहिली तर हे पुन्हा भरेल. साखरेच्या माणसाला ते गळ्यात उतरलं तर श्वास अडतो, मग वाशीम पुरत नाही, अकोल्याला पळावं लागतं. पंधरा दिवसांच्या आत दाढ निघाली पाहिजे.

इकडे आईंना वाटतं, किडे राहिले असतील, मोतीबाईला पुन्हा बोलवा. म्हणून मी काल त्यांच्यासमोर परात मांडली. तशीच पळी, तसंच तूप, बांधावरच्या रिंगणीचं बी. नळी नाही, दाढ नाही, कोणाचं तोंडही नाही. पाण्यात चौदा किडे निघाले. बी तडकतं आणि त्यातला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो, एवढंच.  आई म्हणाल्या, तुझ्या पळीलेच कीड लागली असन. आणि उठून गेल्या.

मामा, ही दुखण्याची भीती नाही. हरीओम होताना तीस तास कळा सोसल्या आणि ओरडल्या नाहीत, असं गावातल्या बायका सांगतात. मग ही भीती कशाची? मंगरूळच्या बाजारात काय झालं होतं? तुमच्या पत्रात त्याचं नाव आहे म्हणून विचारते. डॉक्टर म्हणाल्या, कारण कळलं तर मला त्यांना बसवता येईल. लवकर लिहा. लहान तोंडी जास्त लिहिलं असेल तर पदरात घ्या.

आपली,
साधना


आसेगाव, १९ डिसेंबर २०२४

चि. सौ. साधना हीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हे लिहून झालं की मुलगा शिवम या पत्राचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवेल. मूळ कागदही डाकेत टाकतोच, सवय जात नाही.

बाजारातली गोष्ट मी आजवर निदान तीस लग्नांत सांगितली असेन. आज पहिल्यांदा सगळी लिहितो.

सत्तर सालचा हिवाळा होता. सोजर नऊ वर्षांची, मी पंधराचा. तिची दाढ दुखत होती म्हणून बाबा आम्हाला गाडीत घालून मंगरूळच्या बाजारात घेऊन गेले. तिथे एक माणूस फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसायचा. बाबांनी सोजरला माझ्या ताब्यात दिलं, म्हणाले, हात पक्के धर, सोडू नको, आणि ते गोऱ्हा पाहायला बैलबाजारात गेले. मी मागून तिचे दोन्ही हात धरले. त्या माणसानं चिमटा लावला तशी ती ओरडली. तो थांबला. मला म्हणाला, पोरगी दुसरी दाढ सांगून राह्यली का रे?

ती खरंच सांगत होती. मान वळवून वळवून दुसऱ्या बाजूला नेत होती. बोलता येत नव्हतं, तोंडात त्याची बोटं होती. बोट दाखवता येत नव्हतं, हात माझ्याकडे होते. मला ते दिसलं होतं, साधना. पण पलीकडे कुस्त्या लागल्या होत्या आणि ढोल वाजायला लागला होता. मी म्हटलं, रडकी आहे, काढा.

त्यानं चांगली दाढ काढली. मग कळल्यावर दुखणारीही काढली. मी हात सोडले नाहीत. दुसऱ्या वेळी ती त्याला चावली. मी लोकांना सांगतो ती गोष्ट तिथून सुरू होते.

कुस्त्या काही पाहायला मिळाल्या नाहीत. घरी येताना ती गाडीत तोंडात फडकं धरून बसली होती आणि मी बाबांना सांगितलं की हिनंच चुकीची दाढ दाखवली.  त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. आणि दहा तारखेला मी तिला लिहिलं की येऊन तुझे हात धरतो. काय लिहितो आहे ते माझं मलाच कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंना सांग, हिला कोणी हात लावू नका. आणि मध्येच थांबा म्हणाली तर थांबा, मग ते कारणाशिवाय का असेना. मी येत नाही. मी तिथे नसलेलाच बरा. हे पत्र सोजरला दाखवायचं की नाही ते तू ठरव, तुझी समज माझ्याहून बरी आहे. दुसऱ्या कोणापाशी बोलू नको.

तुझा,
जगदेवमामा


॥ श्री ॥
अनसिंग, २८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सोजरचा शि. सा. न. वि. वि.

दाढ निघाली. परवा, गुरुवारी. तोंड अजून जड आहे पण सूज नाही. काल पोळी दुधात कुस्करून खाल्ली. तुला आधी हे कळावं म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

साधनानं तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. मोबाईल हातात दिला आणि मेथीला निघून गेली. बरं केलं. अक्षर मोठं करून करून वाचलं. मला सगळं आठवत होतं, दादा. तू धरलं होतंस ते आठवत होतं आणि माझ्या नावावर खोटं सांगितलंस तेही. पण तो माणूस थांबला होता आणि त्यानं तुला विचारलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी ओरडत होते, मला ऐकू आलं नसेल. इतकी वर्षं वाटत होतं की कोणी थांबलंच नाही. ते वाचून दोन दिवस तुझा फार राग आला. पाणी देताना पाटाला फावडं असं मारलं की बांध फुटला. अजून थोडा राग आहे. तो जाईल तेव्हा जाईल, तू त्याची घाई करू नको.

आणि एक सांगते. साक्षगंधाला मी मेथीमुळे आले नाही असं लिहिलं, ते खरं नाही. तू ती गोष्ट सांगणार आणि माणसं हसणार, म्हणून आले नाही. आमच्या चुलत जावेकडच्या लग्नालाही म्हणूनच आले नव्हते. राखीच्या लग्नाला येईन. तिथे ती सांगू नको. सांगितलीस तर सगळी सांग.

आता दवाखान्याचं. सुप्रियाबाई हरीओमपेक्षा लहान असेल. आधी सोमवारी मला नुसतं बसायला बोलावलं. काही करणार नाही म्हणाली आणि खरंच काही केलं नाही. मी तिच्या टेबलाशेजारी साध्या खुर्चीवर बसले. दोन पेशंट आले, गेले. एका बाप्या माणसाची दाढ निघताना मी काचेतून पाहिली. त्यानं पाय सुद्धा हलवला नाही. मग मी घरी आले. साधना म्हणे, एवढ्यासाठी दोन बस बदलल्या? मी म्हटलं, होय, एवढ्यासाठीच.

गुरुवारी जेवून, गोळी घेऊन या म्हणाली होती. मी तर उपाशी जायचं ठरवलं होतं. खुर्ची आडवी केली नाही, मला बसती ठेवली. माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाली, मावशी, कोणती दाढ ते तुमी दाखवा, मी आपल्या मनानं काई धरत नाई. मी आरशात पाहून माझ्या बोटानं दाखवली. दादा, तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग म्हणाली, तुमच्या हाताले कोणी हात लावणार नाही, डावा हात वर केला की मी थांबते, दुखो की न दुखो.

तिनं सुई घेतली आणि मी हात वर केला. ती थांबली. सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पाहून राह्यले थांबता की नाही ते. साधनानं कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाली, पाहा, किती बी वेळ पाहा, मले घाई नाही. बाहेर सात-आठ माणसं बसली होती. मी चार वेळा हात वर केला. चारही वेळा ती थांबली. पाचव्या वेळेला करायचा होता, पण तोवर दाढ तिच्या चिमट्यात होती. दुखलं म्हणशील तर सुईचं दुखलं. मुंगी म्हणालास ते खोटं, गांधीलमाशी म्हण.

दाढेत बाजूनं काळं भोक होतं, आतून पोकळ. किडा नव्हता.  साधनाची परात बरोबर होती हे मी तिला अजून म्हटलेलं नाही. म्हणेन कधीतरी. मोतीबाईला मात्र गल्लीत गाठून म्हटलं, बाई, पोटासाठी काही कर, पण सुजलेल्या गालाच्या माणसाला धूर देऊ नको, वाशीमला धाड.

आता ऐक. आरशात आणखी एक खराब दाढ सापडली, वरची डावी. ती काढायची नाही, कोरून भरायची आहे म्हणे, मशीन लावून. त्या मशीनचा आवाज मी सोमवारी काचेतून ऐकला आहे. आता लिहिताना सुद्धा तो ऐकू येतो, हे अक्षर बघ कसं वाकडं आलं. एका दाढेनं सगळी भीती जाते असं कोणी मला सांगू नये. मी थकले आहे आणि पुन्हा तीच खुर्ची. पण बुधवारचा नंबर लावला. साधना सोबत येते म्हणत होती. तिला म्हटलं, तू जुड्या बांध, मी दहाच्या बसनं जाऊन येते.

वहिनींना नमस्कार, राखीला आशीर्वाद. रागावले आहे तरी पत्र लिहीत जा, माया कमी करू नको.

तुझी,
सोजर