इंजिनातलं पाणी

बालिक्ची, ऑक्टोबरची अखेर

प्रिय एर्निस,

थंडीतल्या संध्याकाळी बाबा गाडी अंगणात लावायचे आणि आपण दोघं बादल्या घेऊन धावायचो, आठवतं? रात्रीत पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून ते रोज काढून टाकायचं. एक नळ रेडिएटरचा. तो खाली, हाताशी, म्हणून तुझा. दुसरा इंजिनाच्या कुशीत, तेलकट, हात भाजणारा. तो माझा. तू त्या गढूळ वाफेत तोंड धरून उभा राहायचास आणि मी ओरडायचे, "अरे माकडा, नाकात गंज जाईल!" एजेवर, मोठ्या बहिणीवर, मात केल्याच्या आनंदात तू नाचायचास, "एजे, माझी बादली आधी भरली!"

गेल्या नोव्हेंबरात तू आलास, बाबांची झिगुली गाडी घेऊन गावभर फिरलास. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला बादली लावताना पाहिलं आणि निर्धास्त झाले. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा गाडीखाली थारोळं साचलेलं दिसलं. साखरेनं बाबांची नजर गेलेलीच होती, त्यांनी हातानं चाचपलं. पाण्याचा पंप उभा चिरला होता. रेडिएटरचा नळ तू सोडला होतास, इंजिनाचा नाही. बाबांनी लगेच तुला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. "इंजिनाचा नळ राहिला कसा रे?" तू हसलास. "बाबा, मी एजेला सांगून निघालो होतो. तिच्या डोक्यात सदा शाळा, तिला कुठलं आठवतंय!" बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी तुझा आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला होता, की तू मला काही सांगितलंच नव्हतंस हे न काढता मी हातातली रोटी मोडून त्यांच्यापुढे ठेवली. वाटलं, मागाहून तू मला तरी फोन करशील.

पंप मीच बदलला. "जिनं फोडला तिनंच बसवावा," बाबा म्हणाले. ते स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायचे. पंखा काढला, डायनॅमो सैल करून पट्टा उतरवला, गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून वाट पाहिली. जुनं पॅकिंग सुरीनं खरवडून झाल्यावर म्हणाले, "आता डोळ्यांनी नको, नखानं बघ. नख अडलं तर पाणी तिथूनच गळणार." शेजारचा वालेरा कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होता. "मास्तरीणबाई, ऑपरेशन झालं की पेशंट जिवंत आहे का तेवढं कळवा!" बाबा त्याला म्हणाले, "हसू नकोस. माझ्या मुलीला सगळं येतं. फक्त पाणी काढायचं आठवत नाही."

गाडी सुरू झाली. बाबांनी तळहात नव्या पंपाखाली धरला, बराच वेळ. थेंब नाही. तो कोरडा हात त्यांनी माझ्या गालाला लावला. मला वाटलं, आता माझ्यासाठी काहीतरी म्हणतील. म्हणाले, "एर्निसला कळव, गाडी तयार आहे."

तू मेमध्ये येणार होतास, मग जुलैत. सप्टेंबरात बाबा गेले. आपल्यात मयताच्या वेळी दाराबाहेर काठीवर ओणवून हंबरडा फोडायला घरचा मुलगा लागतो. तू नव्हतास, म्हणून वालेरानं कंबरेला शोकाचा पट्टा बांधला आणि तो रशियन आपल्या बाबांसाठी किर्गिझमध्ये रडला. लोक आधी हसले. मग कुणी हसलं नाही. आठवडाभर आधी बाबांनी गाडीची किल्ली माझ्या मुठीत दिली होती. "एर्निस आला की त्याच्या हातात दे. तू चालवू नकोस, तू पाणी विसरतेस." त्यानंतर ते माझ्याशी धड काही बोललेच नाहीत. तेव्हाही सांगता आलं असतं मला. पण ज्या मुलाची ते आंधळ्या डोळ्यांनी वाट बघत होते, तो मुलगा मी त्यांच्याकडून कसा काढून घेणार होते?

घर विकायला गिऱ्हाईक घेऊन शुक्रवारी येतोस, असा तुझा निरोप परवा वालेराकडे आला. मला नाही, वालेराला. धाकट्याचं घर, रीतच आहे, मी भांडणार नाही. तू पोचशील तेव्हा मी तोकमोकला, मैत्रिणीकडे गेलेली असेन. फोनवर तू पुन्हा हसशील, म्हणून हे लिहून टेबलावर ठेवते आहे. घर तुझं. गाडीही तुझी, किल्ली वालेराकडे आहे. तिच्यात मी पाणी भरलेलंच नाही, कूलंट आहे, ते गोठत नाही, तेव्हा नळांची फिकीर करू नकोस. पान्यांची पेटी वालेराला दे, तो मागणार नाही. आईचा शिरदाक, तो भिंतीवरचा गालिचा, तुझ्या मुलीला. मला काही नको. गिऱ्हाईक गेलं की टेकडीवर कबरीपाशी जा, आणि मार्चमध्ये फोनवर जे खरं बोलायचं होतं ते बाबांना सांग. मोठ्यानं सांग. ते त्यांचं आहे, त्यांना दे.

तुझीच,
उल्कान एजे