माझ्या कानांची साक्ष

प्रिय पोरी,

एक दुपार तुला आठवते का? दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, गिऱ्हाईक नाही, आणि आपण दोघी मागच्या नळापाशी बुटक्या स्टुलांवर बसून रेकॉर्ड धुतोय. कोणाच्या तरी आवरलेल्या घरातून चार खोकी आली होती, धुळीने माखलेली. रेकॉर्डच्या मधल्या कागदी गोलाला पाणी लागू नये म्हणून तू बरणीची दोन झाकणं दोन्ही बाजूंनी लावून मधून बोल्ट आवळला होतास. मी म्हटलं, ही अक्कल मला तीस वर्षांत सुचली नाही. तू म्हणालीस, "अहो आई, तुम्हाला कधी घाईच नव्हती ना." तेवढ्यावर आपण इतक्या हसलो की साबणाचं पाणी माझ्या चपलेत गेलं. त्या दुपारी विशेष असं काहीच घडलं नाही. पण गेले आठ दिवस मन राहून राहून तिथेच जातंय, कारण त्यानंतर तासाभराने तू मला पहिल्यांदा सांगितलंस की एका रेकॉर्डमध्ये टक् वाजतंय, आणि मी म्हटलं, छे, काही नाही.

तू गेल्यावर तीन वर्षांनी लिहितेय. एवढं लिहून होईपर्यंत तीनदा उठले. एकदा शटरला कुलूप आहे ना ते बघायला, एकदा पाणी प्यायला, आणि एकदा उगीचच. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, पत्र एका बैठकीत लिहावं, नाहीतर अक्षरावरून कळतं. अक्षर तर बघतेच आहेस. मला तुझ्याजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे, माझ्या कानांची. ती वाचून पत्र ठेवायचं की फाडायचं हे तू बघ. पण सरळ शेवटावर जायचं धाडस होत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

आपलं दुकान चाललं ते चिठ्ठ्यांवर, हे तुला ठाऊकच आहे. हे खरेदी करायचे डोळे मिटून. तू सून होऊन आलीस त्याच्या आदल्याच वर्षी ते गेले, म्हणून तू त्यांचा तो उत्साह पाहिला नाहीस. कुणी घर बदलतंय असं कळलं की हे सायकल काढून हजर. ओरखडा असो, कव्हर फाटलेलं असो, कडा जराशी वाकलेली असो, सगळं उचलून आणायचे. म्हणायचे, "कोऱ्या रेकॉर्डचाच मला संशय येतो. कुणाला आवडलीच नसणार." मग ते माझ्या पुढ्यात. मी प्रत्येक रेकॉर्ड हेडफोन लावून दोन्ही बाजू पूर्ण ऐकायची आणि चिठ्ठीवर पेन्सिलने लिहायची: दुसरी बाजू, तिसरं गाणं, सुरुवातीला दोन टक्, पुढे स्वच्छ. खाली तारीख, खाली सही. दोष लिहिला म्हणून रेकॉर्ड विकली गेली नाही असं कधी झालं नाही. उलट गिऱ्हाइकं म्हणायची, दोष कुठे आहे ते माहीत असलं की तो सोसतो. दुसरीकडे लोक रेकॉर्ड उजेडात धरून तिरकी करून बघतात. आपल्याकडे कोणी बघितलं नाही. वहिनींनी ऐकलीये ना, मग झालं. नातेवाइकांतही तेच. लग्नाच्या हॉलचा माइक बिघडला तरी मला पुढे करायचे, "हिला विचारा, हिचे कान म्हणजे कान!" आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गेल्या महिन्यात मी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे जिना चढू देत नाहीत. एका वाचनालयाला गाणी ऐकायची खोली करायची आहे, त्यांनी सगळाच साठा घ्यायचं कबूल केलं. ग्रंथपालबाई येऊन गेल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी दहा-वीस चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "आम्ही काही वाजवून बघणार नाही हो. इतकं लिहिलंय तुम्ही." परवा त्यांची गाडी येणार आहे.

आणि मग त्याच आठवड्यात आपला घड्याळवाला आला. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, तू त्याला दोन चमचे साखरेचा चहा द्यायचीस तो. हातात एक रेकॉर्ड, आणि तोंड असं की चूक त्याचीच. म्हणाला, "वहिनी, तक्रार नाही हं. चुकून दुसरीच रेकॉर्ड या कव्हरमध्ये गेली असणार." चिठ्ठीवर माझ्या हाताने लिहिलेलं, दोन्ही बाजू स्वच्छ. मी ती लावली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. दर फेऱ्याला त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा, कुणी चिमटा काढावा तसा. "हे बघा, आलं. हे पुन्हा. कावळा पत्र्यावर चोच मारतोय जणू." मी ऐकत होते. गाणं छान चाललं होतं, मऊ आणि स्वच्छ. त्याने विचारलं, "ऐकलंत ना?" मी म्हटलं, "ऐकलं." चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. तो बिचारा म्हणाला, "असू दे, मी ठेवतो, गाणं तर आहे ना," आणि रेकॉर्ड काखेत मारून गेला. जाताना माझ्याकडे एकदा वळून बघितलं. घड्याळ उघडल्यावर बघतो तसं.

मग मी वेड्यासारखी एकेक काढून लावत बसले. चरा नखाला लागतोय, डोळ्यांना दिसतोय, आणि कानाला काही नाही. एका रेकॉर्डवर मी स्वतः पिनेने रेघ ओढली. हो, मी! यांनी बघितलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. तीही स्वच्छ वाजली.

दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेले. काचेच्या खोलीत बसवतात, हातात एक बटण देतात, आवाज आला की दाबायचं. मला वाटलं मशीन बिघडलंय, कारण बराच वेळ काहीच होत नव्हतं. बाहेर तपासणारी मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती. नंतर तिने कागद समोर ठेवला. रेघ आधी सपाट जाते आणि मध्यावर कड्यावरून पाय घसरावा तशी खाली जाते. "मावशी, जाड आवाज तुमचे चांगले आहेत. बारीक आवाज गेलेत. आणि हे काल-परवाचं नाही, आठ-दहा वर्षं तरी झाली असतील." मी म्हटलं, अगं, मी दिवसभर गाणी ऐकते, मला कळलं नसतं का? तर हसून म्हणाली, "जे येतच नाही ते कळणार कसं?" मग समजावून सांगितलं, की दार वाजलं तर ऐकू येईल, कुणी समोर बसून बोललं तर ऐकू येईल, गाणंही येईल. खरखर, टकटक नाही येणार. "आणि कुजबुज नाही येणार. कुजबुज म्हणजे सगळा बारीक आवाज असतो."

मी पर्स उचलली आणि बाहेर आले. रिपोर्ट तिथेच विसरले, ती मुलगी पळत रस्त्यापर्यंत द्यायला आली. कुजबुज हा शब्द ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

आत्ता पुन्हा उठून मागच्या खोलीशी जाऊन आले. तिथलं प्लायवूडचं पार्टिशन अजून तसंच आहे, आणि माझी खुर्चीही त्याला टेकलेली. सांगायचं ते सगळं तिथेच आहे, आणि मी टेबलापासून त्या खुर्चीपर्यंत फेऱ्या मारतेय.

तुला टक्बाई हे नाव मीच ठेवलं. तू ज्या ज्या रेकॉर्डला टक् आहे म्हणालीस, ती मी पुन्हा ऐकली आणि प्रत्येक वेळी म्हटलं, काही नाही. हळूहळू घरात गंमतच झाली ती. नळ गळतोय म्हणालीस तरी, "आली टक्बाई!" तूही हसायचीस. आधी आधी हसायचीस. शेवटच्या वर्षात तू रेकॉर्डबद्दल मला काही सांगणंच सोडलंस, गुपचूप बाजूला काढून ठेवायचीस. परवा माळ्यावर ते खोकं सापडलं. एकोणतीस रेकॉर्ड, सगळ्यांवर माझी चिठ्ठी, स्वच्छ. घड्याळवाल्याला बोलावून मी एकोणतीसही वाजवून घेतल्या. त्याने एकेक ऐकली आणि मान हलवत गेला. एकही चुकलेली नाही तुझी.

मुलाला मी रिपोर्ट दाखवला. जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने वाचला, घडी घातली, म्हणाला, "वयाने होतं गं आई, मशीन घेऊ आपण कानाला." मी म्हटलं, त्या मागच्या खोलीत तू दुपारी फोनवर कोणाशी बोलायचास? त्याने घडी घातलेला कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "जुनं कशाला उकरून काढतेस?" कोणाशीच नाही, असं तो म्हणाला नाही. मी वाट बघितली, खरंच बघितली. म्हणाला नाही. तो माझा मुलगा आहे, त्याला मी जेवायला वाढलं.

आता लिहिते, थांबत नाही. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तुमचं भांडण मिटवायला वरच्या हॉलमध्ये तुझे वडील, माझा भाऊ, तू, माझा मुलगा आणि मी, अशी पाच माणसं बसली होती. तू म्हणालीस, रोज दुपारी हा मागच्या खोलीत जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलतो, नळापाशी मला ऐकू येतं. मुलगा हसून म्हणाला, "ही टक्बाई आहे हो, हिला काहीही ऐकू येतं." माझ्या भावाने पंचासारखं माझ्याकडे वळून विचारलं, ताई, तू सांग. आणि मी म्हणाले, "मी त्याच भिंतीला पाठ लावून बसते. काही असतं तर आधी मला ऐकू आलं असतं." मी खोटं बोलले नव्हते, पोरी. मला खरोखर काही ऐकू आलं नव्हतं. म्हणूनच माझ्या आवाजात तो ठामपणा होता, आणि म्हणूनच सगळ्यांना पटलं. तुझे वडील मला म्हणाले, "तुमच्या कानांपुढे आम्ही काय बोलणार," आणि त्यांनी तुझ्या वतीने माझी माफी मागितली. तुझ्या देखत. तू तेव्हा त्यांच्याकडे बघितलंस ते मी पाहिलं होतं. आठवड्याने तू बॅग भरलीस आणि त्यांच्याकडेसुद्धा गेली नाहीस. ऐकते की अजून जात नाहीस, आणि ते फोन करतात तेव्हा दोन वाक्यांत ठेवून देतेस. तुझं लग्न माझ्या मुलाने मोडलं असेल, पण तुला वडिलांपासून मी तोडलं, एका वाक्याने, कानांच्या गर्वाने. हे पत्र त्यासाठी आहे. क्षमा कर असं लिहायला हात वळत नाही, कारण ती मागणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं. तुझं खरं होतं, एवढं मात्र माझ्या सहीने तुझ्याजवळ असायला हवं. आणि ज्यांच्यासमोर मी बोलले, त्यांच्याजवळही. तेव्हा मी ठरवलंय ते असं. वाचनालयाला सगळा साठा जाईल, पण गेल्या दहा वर्षांच्या तारखेची एकही चिठ्ठी जाणार नाही. मी त्या काढायला बसलेच आहे, आणि ग्रंथपालबाईंना फोन करून का ते सांगितलंय. त्या म्हणाल्या, तरीही घेतो. यांचा रेकॉर्डप्लेअर घड्याळवाल्याला, तो नको म्हणेल, तरी. तू काढून ठेवलेलं खोकं तुझं, त्यावर तुझ्या हाताने चिठ्ठ्या लिही आणि हवं त्याला विक. रिपोर्टची एक झेरॉक्स माझ्या भावाला आज टपालाने गेली, सोबत दोन ओळी. दुसरी तुझ्या वडिलांची. ती टपालाने नको, मी स्वतः शुक्रवारी सकाळच्या गाडीने त्यांच्याकडे घेऊन जातेय, आणि ते जिथे बसले असतील तिथे उभी राहून सांगणार आहे. तू तिथे यावंस असं मी म्हणत नाही. मूळ कागद तुझा. तो या पाकिटात आहे, बाकीच्यांना झेरॉक्स पुरे.

तुझीच,
(पुढे काय लिहू ते तू सांगशील तसं)