आजींचा कुत्रा

आईस लांबूनच नमस्कार.

मी बरा आहे, जेवतो वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

इथे द्राक्षाच्या मळ्यात लोक घरासारख्या गाड्या आणि कुत्री घेऊन मुक्कामाला येतात. ते वाइन चाखायला गेले की कुत्री माझ्याकडे. काल एका आजींच्या कुत्र्याला मी लाडानं मूठभर द्राक्षं चारली. उलट्या लागल्यावर कळलं, कुत्र्यांना द्राक्ष विषासारखं असतं. आजींना लगेच सांगितलं. म्हणाल्या, "तुला काय माहीत, पोरा." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डॉक्टर सुई देऊन गेले, आता वाट बघायची. माझ्याच पायावर मान टाकून पडलाय तो.

आजारी वासरापाशी बसून तू काय करायचीस गं? उत्तर येईपर्यंत काय ते होऊन जाईल. तरी लिही.

तुझा धाकटा