झाकण, हिरवे पाकीट आणि देवीचा कौल

शिन्चू
(वारा नेहमीचाच, आमचे धुणे आजही शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळते आहे.)

आयुष्मान बंधू खुन-शान यास, थोरल्या भावाचे प्रेमपूर्वक आशीर्वाद.

समुद्रमातेच्या कृपेने तुझा गुडघा आता देवळाच्या पायऱ्यांशी भांडत नसावा आणि भावजयीच्या हातची माशाची पेज पूर्वीसारखीच आल्याने झणझणीत असावी, अशी प्रार्थना मी रोज सूत्रपठणानंतर करतो (पेजेसाठी किंचित अधिक, गुडघ्यासाठी वैद्य आहेत).

तुझी पुतणी पेइ-लिन सध्या डोंगरातल्या शाळांसाठी स्वस्त लॅपटॉप घडवते आहे. किंमत वरिष्ठांनी आधीच बांधून दिलेली, त्यामुळे एक अंग पोसावे तर दुसरे वाळते. बॅटरी मोठी केली की मुलांची पाठ वाकते. पडदा उजळ केला की बॅटरी तिसऱ्या तासालाच मान टाकते. त्यागाचे माहात्म्य मी शाळेत आयुष्यभर शिकवले, पण ते समजले मात्र या मुलीच्या जेवणावरच्या कुरकुरीतून. अखेर तिने आतला पंखाच काढून टाकला, वाचलेल्या पैशांत मेमरी दुप्पट केली आणि गरम हवा बाहेर जावी म्हणून कळफलकाच्या वरच्या कडेला बारीक फटी ठेवल्या. झाकणाला तेवढा हात लावायचा नव्हता. ते धातूचे आणि चकचकीतच हवे, हा तिच्या साहेबांचा, श्रीयुत त्सेंग यांचा, हट्ट. "बंद असताना लोक झाकणच बघतात," हे त्यांचे ब्रह्मवाक्य. "आणि उघडल्यावर मुलं काय बघणार, साहेब? गरागरा फिरणारं चक्र?" हे आमच्या कन्येचे उत्तर (जिभेवर ताबा नाही, आईवर गेली आहे).

चाचणीच्या दिवशी सावकाश टंकणारा एक म्हातारा माणूस हवा होता. माझी निवड गुणवत्तेवर झाली. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाही यंत्र पाहायला येणार होत्या. अशा प्रसंगी रिकाम्या हाताने जाणे मला शोभेना, म्हणून मी मक्याच्या कुरकुऱ्यांचे हिरवे पाकीट नेले. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून सारा देश जे पाकीट यंत्रावर ठेवतो, तेच. (हिरवेच, मुदत न संपलेले, न फोडलेले. पिवळे नेणारे लोक कसे असतात, ते तू जाणतोस.) ते मी दोन्ही हातांनी, नमस्कार करून, कळफलकाच्या वरच्या कडेवर अगदी मधोमध ठेवले.

मी यंत्रावर सूत्रांची प्रत टंकू लागलो. पुढे ते तापले, मग मंदावले, आणि मुख्याध्यापिका दारात येताच त्याने निर्वाण गाठले.

"गुरुजी," त्सेंग म्हणाले, "देवाला 'चालू ठेव' म्हणालात की 'सोडव'?"

पेइ-लिनने पाकीट उचलले. ते भजीसारखे गरम झाले होते. "बाबा! नेमकं त्याच्या नाकावर ठेवलंत!"

"मग कुठे ठेवू? झाकण उभं असतं, त्यावरून घसरतं."

त्यावर मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "आम्हीही तिथेच ठेवतो. आमच्या एकूण एक यंत्रावर."

आता उपाय दोनच: पंखा परत घालायचा आणि मेमरी निम्मी करायची, नाहीतर फटी मागे, बिजागरीखाली न्यायच्या. त्यासाठी बिजागरी महाग लागते, म्हणजे झाकण साध्या प्लास्टिकचे करावे लागते.

"झाकण म्हणजे माझं नाक आहे," त्सेंग म्हणाले.

"यंत्राचंही नाक आहे, साहेब. ते आत्ताच गुदमरून गेलं."

प्रकरण हातघाईवर येणार, तोच मी मध्ये पडलो. माणसाची बुद्धी पक्षपाती असते, देवीचा कौल निःपक्षपाती. तेव्हा दक्षिणेत माझ्या भावाच्या देवळात जाऊन तिलाच विचारावे, असे मी सुचवले. त्सेंग भाविक आहेत, ताबडतोब कबूल झाले. शनिवारी ते पेइ-लिनला घेऊन तुझ्याकडे येतील. देवी जे सांगेल ते मी नतमस्तक होऊन स्वीकारीन. निकालात ढवळाढवळ करणे आपल्या कुळाला शोभणारे नाही.

तुझा थोरला भाऊ,
ल्याव छंग-हाइ

ता. क. लग्ने जुळवताना तू कौलाच्या ठोकळ्यांची जी झिजलेली जोडी पुढे करतोस, एक उताणा, एक पालथा, असा हमखास होकार देणारी, ती शनिवारी सहज चौरंगावर असू दे. नवी जोडी धुवायला काढली आहे, असे सांग.

पुन्हा ता. क. प्रश्न मात्र तूच मोठ्याने उच्चार: "झाकण प्लास्टिकचं करावं का?" त्सेंग यांना "झाकण चकचकीत ठेवू का?" असे चुकूनही विचारू देऊ नकोस. ती जोडी त्यालाही होच म्हणेल.

आणखी एक. हे करणे धर्माला धरून आहे का, असे मी घरच्या देव्हाऱ्यासमोर विचारले. दोन्ही ठोकळे उताणे पडले, म्हणजे देवी हसली. हसण्याला कोणी नकार म्हणत नाही.