कुणाची बायको असतो तर

मुराकामी, १२ नोव्हेंबर

ती. वाकाएताईस,
धाकट्या कुनिहिकोचा सा. न. वि. वि.

बाबा ठीक आहेत. पेज आणि खारवलेला मासा मुकाट खातात, माझ्या हातचा चहा मात्र थुंकून टाकतात.

काल त्यांना वृद्धांच्या दिवसकेंद्राच्या गाडीत बसवून मी पेन्शनच्या कचेरीत गेलो. बाबांसाठी छापखाना सोडला, त्यानंतरची वर्षं कशी धरलीत, एवढंच विचारायचं होतं. खिडकीतली मुलगी म्हणाली, धरलेलीच नाहीत, हप्ते कुठे भरलेत? मी म्हटलं, बाई, रिकामा नव्हतो, बापाचं हगणं-मुतणं काढत होतो. ती ओशाळली. म्हणाली, नोकरदाराची बायको असता, तर हप्ता न भरताही वर्षं पेन्शनला लागली असती. बापाला सांभाळणाऱ्या मुलासाठी तसं काही नाही.

लोभ आहेच, तो असू दे.
कुनि

सेंदाई, १६ नोव्हेंबर

चि. कुनिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं, तर हे शांतपणे म्हणाले, तुझी वर्षं लागतायत की, माझ्या नोकरीवर! अरे, मी पोहायला जाते, फुलं मांडायला शिकते, बाबांना सणाला केक पाठवते. माझी वर्षं धरली आणि तुझी नाहीत? भोळसटा, बाबांना वृद्धाश्रमात ठेव आणि नोकरी शोध.

रागावू नकोस, माया असू दे.
वाकाए

मुराकामी, २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बसून वाच. केंद्राची गाडी चालवणाऱ्या तोकिकोबाईंना मी कचेरीतला किस्सा हसत हसत सांगितला. त्या बाबांच्या चाकांच्या खुर्चीचा पट्टा आवळत होत्या. म्हणाल्या, मला पक्की नोकरी आहे, माझी बायको व्हा. मला थट्टा वाटली. तेवढ्यात अर्धांगाच्या झटक्यापासून धड न बोललेले बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, हो म्हण, गाढवा!

मी तोकिकोबाईंना विचारलं, पेन्शनची दया येऊन म्हणताय का? त्यावर त्या चिडल्याच. म्हणाल्या, गेलेली वर्षं काही मला परत आणता येणार नाहीत. पण तुमचं घर वाटेत पहिलं लागतं, तरी बाबांना सोडायला रोज शेवटी का येते, हे कधी सुचलं नाही तुम्हाला?

मी हो म्हटलंय. आशीर्वाद दे.
कुनि

सेंदाई, १ डिसेंबर

चि. कुनिस, आणि सौ. होऊ घातलेल्या तोकिकोस,
अनेक आशीर्वाद.

मी किंचाळले, शेजारीण धावत आली! तोकिको, माझ्या भावाला सासुरवास करू नकोस हो. वृद्धाश्रमाचं मी लिहिलं, ते विसरा. लग्नानंतर तुम्ही दोघं चार दिवस फिरून या, बाबांपाशी मी राहते. फक्त कुनि, त्यांना न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, ते मला आधी शिकव.

येतेच आहे.
तुमची वाकाए