गव्हाच्या पेंढीपुढची बाई

बहीण पेलाग्या, तुला जमिनीपर्यंत वाकून नमस्कार. मी धडधाकट आहे. गाय दूध देते का?

नात रिम्माने सामूहिक शेतावरची बाई रंगवली, डोक्यामागे गव्हाची पेंढी. प्रदर्शनात एका म्हातारीने त्या चित्रापुढे क्रूसाची खूण केली! पेंढीला तेजोवलय समजली, मेली आंधळी. पक्षाच्या समितीचा साहेब बघत होता. म्हणाला, "कॉम्रेड, देवमाता काढलीत काय? आणि ही हसत का नाही?"

सोमवारी रिम्माला चौकशीला बोलावलंय. शेजारच्या चित्रकारालाही असंच बोलावलं होतं. त्याची टोपी अजून खुंटीला आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दिवा मालवते.

पोरीला उद्याच तुझ्याकडे पाठवते. कुणी विचारलं तर तिला खोकला झालाय म्हण. हे पत्र तिच्याच हाती देते, वाचून चुलीत घाल.

तुझं चित्र काढू लागली तर हस गं. दोनच दात असले तरी दाखव.

तुझी उस्तिन्या